आयत्या वेळचे विषय

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम, फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा केल्या. आता सगळे नोकरीला लागलोय आणि रात्री आठनंतर कर्वेनगरात एका क्लासच्या हॉलमध्ये तालमी करतो. हुकूमशाहीतल्या जगण्यावर एक दीर्घांक बसवतोय. देशाचं नाव घेतलेलं नाही. मध्यभागी उंच लेव्हलवर, म्हणजे चौथऱ्यावर, 'सर्वोच्च' बसलेला, खाली कोरस, लाउडस्पीकर, बुटांचे आवाज आणि एक लांबलचक चौकशीचा प्रवेश, ज्यात आमच्या नटाचं डोकं पाण्याच्या बादलीत दाबतात. प्रेक्षकांना दारातच दोन रांगांत विभागायचं, मोबाइल काढून घ्यायचे, त्यांच्यावर ओरडायचं, असंही डोक्यात आहे. सगळे जीव तोडून मेहनत करतात. तरी परवा सलग तालीम बघताना मला सगळं खोटं वाटलं. आमच्यापैकी कुणीच असं जगलेलं नाही, मग हा विषय घ्यायचा आम्हाला अधिकार आहे का? बाबा म्हणतात, विकतचं दुखणं कशाला घेता. आमच्यातला एक जण सरकारी नोकरीत आहे, तो हल्ली गप्प गप्प असतो. आणि प्रायोगिकला येणारे प्रेक्षक आधीच आमच्या मताचे असतात, तर हे करायचं कुणासाठी?

— एक दिग्दर्शिका, पुणे

प्रिय मुली,

तुला खोटं वाटलं ना, मग ते खोटंच आहे असं समजून चाल. दिग्दर्शकाकडे याहून भरवशाचं दुसरं काही नसतं. फक्त त्याचं कारण तू अधिकारात शोधते आहेस, ते तिथे नाही. तुमच्या नाटकात हुकूम सोडणारा आहे, किंचाळणारा कोरस आहे, पण त्या राजवटीत रोजचं जगणारं कुणीच नाही. त्या कोरसमधल्या बाईने सकाळी डब्याला काय केलं, तिचा मुलगा कुठल्या शाळेत जातो, गेल्या महिन्यापासून तिने कुणाकडे जाणं बंद केलं, हे तुझ्या नटीला विचार. तिला सांगता येणार नाही. मग ती काय करणार? आवाज चढवणार.

जर्मन नाटककार ब्रेख्टने देश सोडल्यानंतर नाझी जर्मनीवर सुट्या सुट्या प्रवेशांचं एक नाटक लिहिलं. त्यातले आठ प्रवेश १९३८ मध्ये पॅरिसमध्ये झाले. एका प्रवेशात पावसाळी रविवारची दुपार आहे. शिक्षक नवरा, बायको आणि शाळकरी मुलगा. पेपर वाचता वाचता नवरा राजवटीबद्दल काहीतरी फटकन बोलून जातो. थोड्या वेळाने दोघांच्या लक्षात येतं की मुलगा घरात नाही. मग उरलेला प्रवेशभर दोघं एकच हिशेब करत बसतात: आपण नेमकं काय बोललो, त्याने कुठपर्यंत ऐकलं, तो कुणाला सांगायला गेला असेल, हिटलरचा फोटो कुठल्या भिंतीवर लावलेला बरा दिसेल. मुलगा परत येतो, हातात चॉकलेटं. तेवढीच आणायला गेलो होतो म्हणतो. आईबापांना यावर विश्वास ठेवता येत नाही. हिटलर त्या खोलीत पाऊलही टाकत नाही, आणि तरी खोलीत दुसरं काही उरलेलं नसतं.

तेव्हा पहिलं काम: उंच लेव्हल काढून टाक. 'सर्वोच्च'ला रंगमंचावरून घालव. त्याच्यासाठी नेमलेला नट चांगला असेलच, त्याला शेजारी कर.

आता अधिकाराचं. जे जगलो नाही त्यावर लिहायचं नाही असं ठरवलं तर रंगभूमीला कुलूपच लावावं लागेल. पण न जगलेल्या गोष्टीची मेहनत दुप्पट असते, ती तुम्ही अजून केलेली दिसत नाही. तुमच्या नाटकातले बूट, भोंगे, बादली हे सगळं सिनेमातून आलंय. जरा घराकडे वळा. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी आली आणि २१ मार्च १९७७ ला उठली. आणीबाणी म्हणजे चिली किंवा अर्जेंटिना नव्हे, आकाराची गल्लत करू नका. पण खटल्याशिवाय तुरुंग, छापण्याआधी तपासली जाणारी वर्तमानपत्रं आणि शेजाऱ्याशी बोलताना खाली येणारा आवाज, एवढं या शहराने पाहिलंय. येरवड्यात तेव्हा समाजवादी होते, संघाचे होते, जमात-ए-इस्लामीचे होते, एकाच भिंतीच्या आत. त्या माणसांच्या घरच्या बायका आज ऐंशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्याकडे जाऊन बसणारं फारसं कुणी नाही.

जा आणि बसा. पक्ष, विचारसरणी विचारू नका, त्याची उत्तरं पाठ असतात. विचारा: घरी येणं पहिल्यांदा कुणी बंद केलं? वाण्याने उधारी चालू ठेवली का? भेटीच्या दिवशी डब्यात काय नेलंत? मुलांना शाळेत काय सांगायला शिकवलंत? ठरलेलं लग्न कुणाचं मोडलं का? यातलं काही वापरणार असाल तर आधी त्यांची परवानगी घ्या आणि नावगाव बदला. आणि दुसऱ्या बाजूची माणसंही शोधा. नसबंदीच्या 'केसेस' आणायचा ताण त्या काळात शाळामास्तरांवरही होता. गाड्या वेळेवर सुटतात म्हणून मनापासून खूश असलेले सज्जन लोकही होते. ते वाईट नव्हते. तुमच्या नाटकाला त्यांची गरज आहे.

१९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. दुर्गाबाईंवर नाटक लिहावंसं कुणालाही वाटेल. मला मात्र त्या मांडवात बसलेला, बढतीची फाइल वर अडकलेला एखादा प्राध्यापक डोळ्यांसमोर आणावासा वाटतो. प्रार्थनेच्या वेळी तो डोळे मिटतो, की कोण कोण मिटतंय ते बघतो? तुझं नाटक त्या दोन मिनिटांत आहे.

आता रूपाबद्दल. प्रायोगिक म्हणजे अंधार, किंकाळी आणि अंगाला राख, ही समजूत आपल्याकडे फार रुजली आहे. मी तुला एक सुचवून बघते, पटलं तर घे. संपूर्ण दीर्घांक एका गृहरचना सोसायटीच्या सभांच्या इतिवृत्तातून उभा कर. पाच-सहा सभा. टेबल, नऊ खुर्च्या, एक वही. दर सभेची सुरुवात ठरलेली: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. पहिल्या सभेत पाण्याची टाकी, पार्किंग, कुत्र्याची तक्रार, नेहमीची भांडणं. सगळे मोठमोठ्याने बोलतात, एकमेकांना तोडतात, हसतात. दुसऱ्या सभेला एक खुर्ची रिकामी. 'सी-७ चे सभासद अनुपस्थित, रजेचा अर्ज नाही.' तिसऱ्या सभेत सी-७ च्या थकलेल्या मेंटेनन्सचा विषय निघतो आणि कुणीतरी विचारतं की त्यांच्या घरी नोटीस द्यायला कोण जाणार. चौथ्यात सी-७ च्या बाईंना डबा कोण देतं यावर चर्चा नाही, फक्त सेक्रेटरी सांगतात की वॉचमनने आलेल्यागेलेल्याची नोंद ठेवलेली बरी. पाचव्या सभेत लेटरबॉक्सवरची पाटी बदलायचा ठराव, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

आणि कार्यक्रमपत्रिकेत आपल्याकडे नेहमी शेवटचा एक विषय असतो ना, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'? पहिल्या सभेत त्या विषयावरच सगळ्यात जास्त वेळ जाऊ दे. लोकांची खरी बोलणी तिथेच होतात. मग दर सभेला तो आखडत आण. चौथ्या सभेत अध्यक्ष विचारतात, कुणीच काही बोलत नाही. पाचव्या सभेच्या पत्रिकेवर तो विषय छापलेलाच नसतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वही तीच, खुर्च्या त्याच, बोलणं मात्र दर सभेला तोकडं होत गेलेलं. नटांना तालमीत सांग की दर सभेला आपल्या वाक्यातला एक शब्द त्यांनी स्वतःहून गाळायचा. कुठला गाळला यावरून तुला कळेल की पात्र त्यांना समजलंय की नाही.

ओरडायला इथे जागाच नाही. मग अभिनय करावा लागतो.

चौकशीचा प्रवेश काढ. माझं हे मत ठाम आहे. बादलीत डोकं दाबलं जाताना प्रेक्षक नटाचा दम मोजत असतो, उजेड कसा टाकलाय ते बघत असतो आणि प्रवेश संपायची वाट बघत असतो. संपला की टाळ्या, आणि त्या टाळ्या नटाच्या सोसण्याला असतात. खऱ्या छळछावण्यांतून परतलेली माणसं आजही जगात आहेत, त्यांच्या अनुभवाची अशी कसरत होऊ नये. शिवाय तुझ्या नटाच्या नाकातोंडात खरोखर पाणी जाऊ शकतं, ही साधी गोष्टही आहेच. सी-७ चा माणूस सहाव्या सभेला परत येऊ दे. खुर्चीवर बसू दे. त्याला कुणी काही विचारू नये. मेंटेनन्सची थकबाकी तो व्याजासकट भरतो, पावती मागतो. सही करायला पेन पुढे केलं की डाव्या हातात घेतो. पहिल्या सभेत तो उजव्या हाताने लिहायचा, हे ज्याने पाहिलं असेल त्याला कळेल. बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल.

प्रेक्षकांवर ओरडण्याच्या कल्पनेचंही तसंच. तिकीट काढून आलेल्या माणसाला ठाऊक असतं की हा खेळ आहे. मोबाइल काढून घेतलात तर तो मित्राला कोपर मारून हसेल आणि बाहेर पडल्यावर 'काय इंटेन्स अनुभव होता' म्हणेल. अपमान सोसल्याचं त्याला उलट समाधानच मिळतं. त्याच्याकडून काहीतरी सोपं, सभ्य आणि निरुपद्रवी करून घे. उदाहरणार्थ, दर सभेच्या सुरुवातीला एक छोटी धून वाजते आणि सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणतात, 'कृपया उभे राहू या.' तुमची धून, स्वतः रचलेली, कुठल्याही गीताची आठवण न करून देणारी. पहिल्यांदा अर्धे लोक गोंधळून उठतील. दुसऱ्यांदा जवळजवळ सगळे. तिसऱ्यांदा सेक्रेटरींनी सांगायची गरज पडू नये. ज्यांचे गुडघे दुखतात ते बसून राहतील आणि आजूबाजूचे त्यांच्याकडे वळून बघतील. नटांना सक्त ताकीद दे: बसलेल्यांकडे तुम्ही एकदाही बघायचं नाही. ते काम प्रेक्षक आपणहून करतात. शेवटच्या सभेला धून वाजवूच नकोस, फक्त तिच्या आधी होणारा माइकचा तो खरखर आवाज होऊ दे आणि थांब. किती जण उठतात बघ. त्यावर एकही वाक्य बोलू नकोस, लगेच इतिवृत्त सुरू कर.

यातच तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. येणारे लोक आपल्या मताचे असतात हे खरं. पण मत असणं आणि सी-७ च्या दारात डबा घेऊन उभं राहणं यांत मोठं अंतर आहे, आणि ज्यांना वाटतं आपण ते कधीच पार केलंय त्यांनाच या नाटकाची जास्त गरज आहे. तुझा प्रेक्षक 'सर्वोच्च'ला बघून म्हणेल, मी असा नाही. सेक्रेटरीला बघून त्याला तसं सहज म्हणता येणार नाही.

पुण्यात हे एकदा फार मोठ्या ताकदीने झालंय. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. त्यातली माणसांची भिंत तू ऐकली-पाहिली असशील. भजन म्हणत, डुलत उभी असलेली प्रतिष्ठित माणसं हाच पडदा, आणि नको ते सगळं त्या पडद्याआड. हुकूमशाहीचं याहून नेमकं नेपथ्य मला ठाऊक नाही. शेवटी लोक घाशीरामाचा जीव मागतात, नाना फडणवीस तो देऊन टाकतो आणि स्वतः जागच्या जागी राहतो. तुझ्या 'सर्वोच्च'पेक्षा ही रचना कितीतरी खोल आहे, कारण सत्ता कुणाकुणाच्या सोयीची होती ते तिच्यात दिसतं. दुसरा धडा त्या नाटकाच्या बाहेरचा. वादळ उठलं तेव्हा थोड्या प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं, मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. ग्रुपमध्ये कोण कुठपर्यंत सोबत येणार हे आधीच मोकळेपणी बोलून ठेवायचं असतं.

देशाचं नाव घ्यायचं की नाही? नको. काल्पनिक नावही नको. माणसं पुणेरी मराठी बोलोत, चितळ्यांचं दूध आणोत. आणि आजच्या कुणा नेत्याची लकब, जाकीट, हातवारे यांतलं काहीही चोरून घालू नकोस. १९०७ मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला, १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हा तो इशारा ओळखण्यातही धोका होता, म्हणून त्याला धार होती. आज तसा इशारा आला की प्रेक्षागृहात हशा पिकतो, कोडं सुटतं आणि माणसं मोकळी होतात. एखाद्या नेत्याविरुद्ध बोलायचं असेल तर आपल्या नावाने लेख लिही, तोही मी आवडीने वाचेन.

आता व्यवहार. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या पूर्वतपासणीविरुद्ध अमोल पालेकर २०१६ मध्ये उच्च न्यायालयात गेले, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण तुमच्या पहिल्या प्रयोगासाठी तो लढा अंगावर घेऊ नका. तालमीत सुचणाऱ्या वाक्यांवर चालणाऱ्या ग्रुपना इथे अडचण येते, कारण पाठवलेलं एक आणि रंगमंचावर दुसरं असं व्हायला लागतं. इतिवृत्त शब्दशः लिहून काढा, प्रेक्षकांच्या उभं राहण्याच्या जागाही रंगसूचनेत नोंदवा आणि तारीख घ्यायच्या बरंच आधी पाठवा.

प्रयोगात गोंधळ झाला तर काय, हेही एकदा तालमीसारखं करून बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला गेला आणि अटक केंद्रप्रमुखांना व विद्यार्थ्यांना झाली. त्यामुळे बाबांची काळजी हवेतली नाही, त्यांना भित्रे म्हणू नकोस. प्रेक्षागृहातले दिवे कोण लावणार, मेकअप रूमच्या दाराशी कोण थांबणार, प्रमाणपत्राची प्रत कुणाच्या खिशात, ओळखीच्या वकिलांचा नंबर कुणाकडे, हे ठरलेलं असू दे. नटांनी रंगमंचावरून वाद घालायचा नाही.

तुमचा तो सरकारी नोकरीतला मित्र. त्याच्याशी तू एकटी बोल, चहाला बाहेर ने. ग्रुपसमोर विचारलंस तर तो हो म्हणेल, कारण नऊ जणांसमोर नाही म्हणणं अवघड असतं. तुमचं नाटकच त्याबद्दल आहे. त्याने वरिष्ठांची परवानगी काढावी, किंवा पडद्यामागचं काम घ्यावं, किंवा यावेळी थांबावं, यातलं जे तो ठरवेल त्यावर पुढे एकही शेरा नको, गमतीतही नको. बेलारूस फ्री थिएटरचे प्रयोग मिन्स्कमध्ये खासगी घरांमधून व्हायचे. २००७ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी छापा घातला तेव्हा नटांबरोबर प्रेक्षकांनाही उचललं. तिथे येणाऱ्या प्रत्येकाने घरातून निघतानाच धोका पत्करलेला असायचा. दुसऱ्याच्या वतीने तो पत्करायचा हक्क दिग्दर्शकाला नाही.

म्हणूनच जाहिरातीत 'बंदी येण्याआधी बघा' असलं काही टाकू नका. ज्यांनी खरोखर किंमत मोजली त्यांचं धाडस उसनं घेतल्यासारखं होतं ते. १९८१ मध्ये ब्यूनस आयर्समध्ये, लष्करी राजवट असताना, २१ नाटककारांनी २१ छोटी नाटकं लिहिली. रोज तीन, सात दिवसांचं चक्र. सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा ते नाट्यगृह जाळलं गेलं. मंडळींनी दुसरं मोठं नाट्यगृह मिळवलं आणि पुढचे प्रयोग तिथे केले. लाहोरमध्ये १९८४ साली, झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत, मदीहा गौहर यांच्या 'अजोका' या नाट्यसंस्थेने पहिला प्रयोग त्यांच्या आईच्या घरासमोरच्या हिरवळीवर केला. नाटक बादल सरकारांचं होतं, कलकत्त्याचं, रंगमंचाशिवाय करता येणारं. जागेच्या बाबतीत त्यांच्याकडून जरूर शिका.

तुमचं नाटक टेबल-खुर्च्यांवर होणार असेल तर एरंडवण्यातल्या 'द बॉक्स'सारख्या मोकळ्या जागेत पाच-सहा प्रयोग करा, आणि मग खरोखरच्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये, वाचनालयांत, हडपसर-पिंपरीकडे घेऊन जा. अतुल पेठ्यांनी २०१२ मध्ये महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन 'सत्यशोधक' केलं तेव्हा नाटक कधीच न पाहिलेली माणसं प्रेक्षागृहात आली, कारण त्यांच्या घरातलं कुणीतरी रंगमंचावर होतं. तुमच्या वॉचमनच्या भूमिकेसाठी खरा वॉचमन मिळतो का बघ. मिळाला तर त्याला मानधन द्या, बाकी कुणाला नाही दिलंत तरी, आणि तालमीची वेळ त्याची ड्युटी बघून ठरवा.

सप्रेम,
ताई